संकल्पातली संख्या: ४३,२०,०००

गणपती बसवताना गुरुजी हातात पाणी-अक्षता देतात आणि एका दमात म्हणून टाकतात: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे कलियुगे, प्रथमचरणे... मग शालिवाहन शके, संवत्सर, महिना, तिथी. आपलं लक्ष तोवर मोदकांच्या वासाकडे गेलेलं असतं. पण हा खरं तर पत्ता आहे, जागेचा नव्हे, वेळेचा. आधी जिल्हा, मग तालुका, मग गल्ली, मग घर नंबर, तसा. आणि या पत्त्याचा सगळा डोलारा एका संख्येवर उभा आहे: ४३,२०,०००. चार युगं मिळून होणाऱ्या महायुगाची ही वर्षं.

एवढी वर्षं खरंच कुणी मोजली का, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. मला कुतूहल आहे ते या आकड्याचंच. ४४ लाख का नाही? ४३ लाख ७ का नाही? संख्या फोडून पाहिली की उत्तराचा पहिला धागा हाती लागतो.

४३,२०,०००चे मूळ अवयव पाडा. आठ वेळा २, तीन वेळा ३, चार वेळा ५, संपलं. २५६ गुणिले २७ गुणिले ६२५. दुसरी कुठलीच मूळ संख्या आत नाही. त्यामुळे तिचे विभाजक भरपूर: २ घ्यायचे नऊ प्रकार (एकही नाही, एक, दोन, असे आठपर्यंत), ३चे चार, ५चे पाच. नऊ चोक छत्तीस, छत्तीस पंचे एकशे ऐंशी. १८० वेगवेगळ्या संख्यांनी तिला नि:शेष भाग जातो. १ ते १० मध्ये फक्त ७ने जात नाही. हा ७ लक्षात ठेवा, पुढे त्रास देणार आहे.

२, ३ आणि ५ हेच तर ६०चे अवयव. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं, अंशाच्या ६० कला असा हिशेब करणाऱ्या माणसाला ही संख्या वाटून घ्यायला अगदी सोयीची. ६० चार वेळा घेऊन गुणले तर १,२९,६०,००० येतात आणि त्याचा बरोबर तिसरा हिस्सा म्हणजे ४३,२०,०००. कलियुगाची ४,३२,००० वर्षं म्हणजे ६०च्या घनाची दुप्पट. बॅबिलोनियाच्या बेरॉसस नावाच्या पुरोहितानेही महापुरापूर्वीच्या राजांची एकूण कारकीर्द ४,३२,००० वर्षंच सांगितली होती. कोणी कोणाकडून घेतलं यावर भांडणं होऊ शकतात, पण साठाच्या पाढ्यात वाढलेल्या दोन माणसांनी एकच गोल आकडा निवडला तर फार नवल वाटायला नको.

इथे एक व्हॉट्सअॅपवरचा चमत्कारही उरकून घेऊ. 'चारही युगांच्या वर्षांतल्या अंकांची बेरीज ९ येते, बघा आपल्या पूर्वजांची थोरवी!' सत्ययुग १७,२८,०००, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,०००, कली ४,३२,०००. येते खरी. पण १०ला ९ने भागलं की १ उरतो, १००ला भागलं तरी १, १०००लाही १. म्हणून कुठल्याही संख्येला ९ने भागून जी बाकी उरते तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. ९च्या पटीतली कोणतीही संख्या घ्या, अंकांची बेरीज करत गेलात की शेवटी ९च हाती येणार. वीजबिल ₹ १,३५० आलं तरी येते. पूर्वजांची थोरवी बघायचीच असेल तर ती दुसरीकडे आहे.

ती आहे आर्यभटाच्या ग्रंथात.

आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षाचा उल्लेख करत, आर्यभटीय रचलं. त्यातला गीतिकापाद म्हणजे आकड्यांची पेटी आहे. एका महायुगात सूर्याच्या किती फेऱ्या? उत्तर एका शब्दात: 'ख्युघृ'. हा शब्द नाही, ही संख्या आहे. त्याच्या पद्धतीत ख म्हणजे २, य म्हणजे ३०, घ म्हणजे ४. उ हा स्वर लागला की दहा हजारांनी गुणायचं, ऋ लागला की दहा लाखांनी. ख्यु म्हणजे ३२ गुणिले दहा हजार, घृ म्हणजे चाळीस लाख. बेरीज ४३,२०,०००. चंद्राच्या फेऱ्या 'चयगियिङुशुछ्लृ', म्हणजे ५,७७,५३,३३६. उच्चार करून बघा, जीभ वळली तर. पाठ करायला अवघड, पण एकदा झालं की आठ अंक एका घोटात.

महायुगाचे दिवस त्याच्या आकड्यांतून निघतात १,५७,७९,१७,५००. ही संख्या ४३,२०,०००सारखी गुळगुळीत नाही. अवयव पाडले तर २, २, ३ आणि चार वेळा ५ मिळतात, पण उरतात ६१ आणि ३,४४९. या दोन बोजड मूळ संख्या माणसाने सोयीसाठी निवडलेल्या नाहीत, त्या आकाशातून आल्या आहेत. वर्षांचा आकडा आपल्या हातात, दिवसांचा नाही.

आता दोन्हींचा मसावि काढा. येतो ७,५००. वरखाली ७,५००ने भागून टाकलं की उरतं: २,१०,३८९ दिवसांत सूर्याच्या ५७६ फेऱ्या. सातव्या शतकातला पहिला भास्कर (आपला लीलावतीवाला नव्हे, त्याच्या पाचशे वर्षं आधीचा) नेमका हाच संक्षिप्त अपूर्णांक वापरतो. आर्यभटाचं वर्ष म्हणजे ३६५ दिवस आणि वर १४९ छेद ५७६. आणि ५७६मध्ये २ आणि ३ सोडून काही नसल्यामुळे घटिका-पळांत ते बिनबाकी उतरतं: १५ घटिका, ३१ पळं, १५ विपळं. आजच्या घड्याळात ६ तास १२ मिनिटं ३० सेकंद. आजच्या मोजणीनुसार नाक्षत्र वर्षाचे (म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षाचे) वरचे तास-मिनिटं ६ तास ९ मिनिटं १० सेकंद आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी, दुर्बिणीशिवाय, वर्षाला फक्त ३ मिनिटं २० सेकंदांची चूक.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो ४ने भागण्याचा खेळ.

पुराणातली युगं ४:३:२:१ अशी. आर्यभटाने ते सरळ बाजूला ठेवलं आणि महायुगाचे चार सारखे पाद केले, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे. ब्रह्मगुप्ताने पुढे ६२८मध्ये यावरून त्याला चांगलंच झोडपलं: हा स्मृतींना मानत नाही. स्मृतींचं राहू दे, आपण बाकी काढू. शनीच्या फेऱ्या १,४६,५६४. गुरूच्या ३,६४,२२४. मंगळाच्या २२,९६,८२४. चंद्राच्या वर दिल्या आहेत. प्रत्येकाचे शेवटचे दोन अंक पाहा: ६४, २४, २४, ३६. चौथीतल्या मुलालाही कळेल, सगळ्यांना ४ने भाग जातो. बुध-शुक्राच्या आकड्यांनाही जातो. म्हणजे महायुगाच्या दर चौथ्या भागाला सगळ्यांच्या फेऱ्या पूर्ण होतात आणि सगळे पुन्हा मेषाच्या आरंभी, शून्य अंशावर येतात. तीन पाद संपले आणि चौथा, कलीचा, सुरू झाला तेव्हा गणितातले सगळे मध्यम ग्रह, म्हणजे सरासरी गतीने चालतात असं धरलेले ग्रह, एका रेषेत. (प्रत्यक्ष आकाशात इ.स.पूर्व ३१०२च्या त्या सकाळी ते एका बिंदूवर नव्हते. हा गणिताचा आरंभ आहे, डोळ्यांनी पाहिलेला देखावा नाही.)

आता दोन आकडे असे आहेत ज्यांना ४ने भाग जात नाही. चंद्राचं मंदोच्च, म्हणजे चंद्राच्या कक्षेतला पृथ्वीपासून सर्वात लांबचा बिंदू, महायुगात ४,८८,२१९ फेऱ्या करतो. बाकी ३. तीन पाद गेले, म्हणून तीनदा ३ म्हणजे ९, ९ला ४ने भागून बाकी १. पाव फेरी. म्हणजे कलीच्या आरंभी चंद्रोच्च ९० अंशांवर. राहूच्या, म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्या बिंदूच्या, फेऱ्या २,३२,२२६, बाकी २. तीनदा २ म्हणजे ६, बाकी पुन्हा २. अर्धी फेरी, १८० अंश. या दोघांना शून्यावर बसवलं असतं तर ग्रहणांचा हिशेब बिघडला असता. मग 'राहू १८० अंशांवर होता' असं वेगळं वाक्य कुठे टाकायचं? टाकायची गरजच नाही. संख्येच्या शेपटीला बाकी बांधली की झालं, बाकीच ते सांगते.

आणखी एक पायरी. ४९९ साली कलीची बरोबर ३,६०० वर्षं झाली होती. ३,६०० म्हणजे महायुगाचा १,२००वा भाग, अगदी नि:शेष. म्हणून त्या दिवशी कुठला मध्यम ग्रह कुठे हे काढायचं तर महायुगातल्या फेऱ्यांना १,२००ने भागायचं आणि बाकी बघायची. शनी: १,४६,५६४मधून १२२ वेळा १,२०० गेले, १६४ उरले. १६४ छेद १,२०० फेरी म्हणजे ४९ अंश १२ कला, वृषभेत. गुरूची बाकी ६२४, म्हणजे १८७ अंश १२ कला, तुळेत. कोष्टक नको, काही नको, शाळेतला भागाकार.

उलटं पाहा. शनी आज अमुक ठिकाणी दिसतोय, तर महायुगातल्या फेऱ्यांचा आकडा किती ठेवू? आकडा ४च्या पटीतच ठेवायचा असेल तर तो चाराने वाढवला-घटवला की आजचं स्थान ४ छेद १,२०० फेरीने, म्हणजे १.२ अंशाने सरकतं. म्हणजे अर्ध्या-पाऊण अंशाच्या आत कुठे ना कुठे आकडा बसतोच. पुराणातली वाटणी ठेवली असती तर कली महायुगाचे दहातले नऊ भाग संपल्यावर सुरू होतो. मग सगळे आकडे १०च्या पटीत हवेत आणि सरकण्याची पायरी थेट ३ अंशांची. आर्यभटाने युगपाद सारखे केले ते याचसाठी, असा दावा मी करणार नाही. पण त्याच्या जागी मी असतो तर हा फायदा सोडला नसता.

दिवसांचंही बघून घ्या. १,५७,७९,१७,५००ला १,२००ने भागा: १३,१४,९३१ आणि पाव. कली सूर्योदयाला सुरू झालं, त्यावर एवढे दिवस आणि पाव दिवस. सूर्योदयानंतर पाव दिवस म्हणजे भर दुपार. २१ मार्च ४९९, दुपारचे बारा.

आता तो ७.

आठवड्याचे वार सात आणि ४३,२०,०००मध्ये ७ नाही. दिवसांच्या आकड्यातही नाही. याचा अर्थ समजायला आमच्या गावची नळयोजना पुरेशी आहे. दर चौथ्या दिवशी पाणी येतं. आज बुधवारी आलं, मग रविवारी, मग गुरुवारी, मग सोमवारी. ४ आणि ७ सहमूळ, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नाही, म्हणून अठ्ठावीस दिवसांत प्रत्येक वाराला एकदा पाणी मिळतं. कुणाच्या वाट्याला कायमचा सोमवार येत नाही. दर सातव्या दिवशी येत असतं तर आला असता. 'सोमवारी पाणी कधी येईल?' हा प्रश्न म्हणजे चाराची कितवी पट ७ने भागल्यावर ५ बाकी देते, हा प्रश्न. तिसरी. बारा दिवसांनी. लहान आकड्यांवर हे बोटांवर जमतं. ४च्या जागी ५७६ आणि ७च्या जागी २,१०,३८९ आले की बोटं पुरत नाहीत. त्यासाठी आर्यभटाने गणितपादाच्या शेवटी रीत दिली आहे, तिला पुढे कुट्टक हे नाव पडलं. आपल्या 'कुटणे'चाच भाऊ. मोठ्या संख्यांनी एकमेकींना भागत जायचं, उरलेल्या बाकीने मागच्या भाजकाला भागायचं, असं कुटत-कुटत आकडे इतके बारीक करायचे की उत्तर नजरेने दिसावं, आणि मग पायऱ्या उलट चढत मूळ आकड्यांपर्यंत यायचं. सूर्याची शिल्लक बाकी दिली तर कलीपासून किती दिवस झाले, हे यातून निघतं. मात्र त्यासाठी आधी मसाविने भागून आकडे सहमूळ करून घ्यावे लागतात. ७,५००ची मघाची काटछाट त्याचसाठी.

वारांवर येऊ. महायुगाच्या दिवसांना ७ने भागलं की ५ उरतात. एका पादाच्या ३९,४४,७९,३७५ दिवसांना भागलं की ३. आर्यभट सांगतो, महायुग बुधवारी, लंकेच्या सूर्योदयाला सुरू झालं. तीन पादांचे तीन त्रिक नऊ, बाकी २. बुधवारनंतर दोन, शुक्रवार. कलीचा आरंभ शुक्रवारी. आणि ग्रंथात आधीच्या काळाची मोजदाद 'भारतापूर्वीच्या गुरुवारा'पर्यंत केली आहे, म्हणजे कलीच्या आदल्या दिवसापर्यंत. जुळलं. त्यावर मघाचे १३,१४,९३१ दिवस टाका, बाकी २, येतो रविवार. २१ मार्च ४९९ रविवारच होता.

अजून मजा कल्पाची. इतर सगळे कल्पाला १,००० महायुगं देतात. आर्यभट देतो १,००८: चौदा मनू आणि प्रत्येकाची ७२. हजार सोडून हा आठाचा हट्ट कशाला? १,००८ला ७ने भाग जातो, १४४ वेळा. महायुगाला कितीही दिवस उरोत, १,००८ महायुगांनंतर बाकी शून्य. प्रत्येक कल्प एकाच वारी सुरू होतो. १,००० ठेवले असते तर प्रत्येक कल्पाला वार दोनाने पुढे सरकला असता. मग तो वार कोणता? सध्याच्या महायुगाआधी ६ मनू आणि २७ महायुगं गेली, सहा बहात्तरी चारशे बत्तीस आणि सत्तावीस, ४५९. हेच ते संकल्पातलं 'अष्टाविंशतितमे', सत्तावीस गेली, अठ्ठाविसावं चालू. ४५९ गुणिले ५ म्हणजे २,२९५, बाकी ६. बुधवारच्या सहा वार मागे गुरुवार. सृष्टीचा दिवस गुरुवारी सुरू. बुधाने मोडलेल्या ७चा हिशेब गुरूने पुरा केला म्हणा ना.

आता एवढ्या मोठ्या आकड्यांचा आपल्या स्वयंपाकघराशी संबंध काय, असं विचाराल तर अधिक मास.

चंद्राच्या फेऱ्यांतून सूर्याच्या वजा केल्या की चांद्र महिने मिळतात: ५,३४,३३,३३६. सौर महिने म्हणजे ४३,२०,०००ची बारापट: ५,१८,४०,०००. फरक १५,९३,३३६. एका महायुगातले हे अधिक महिने. मसावि फक्त २४. आकाशातून आलेला आकडा ४३,२०,०००शी फारसं सलोख्याने वागत नाही. २४ने छाटल्यावर: २१,६०,००० सौर महिन्यांत ६६,३८९ अधिक मास. आता भागा. ३२ महिने गेले, ३५,५५२ उरले. त्याचे दिवस करायला ३०ने गुणून पुन्हा भागा: १६ दिवस, ४,३३६ उरले. साठाने गुणून घटिका करा: ३ आणि वर ५५ पळं, म्हणजे चारच. बत्तीस महिने, सोळा दिवस, चार घटिका. पंचांगवाल्यांच्या श्लोकात अधिक मासाचं अंतर नेमकं हेच सांगितलेलं असतं.

हे सरासरी अंतर आहे, प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं. १९ वर्षांच्या २२८ महिन्यांत ७ अधिक मास बसवले की हिशेब जवळपास मिटतो, म्हणून २००४ साली अधिक श्रावण होता आणि २०२३लाही अधिक श्रावणच. पण 'जवळपास' म्हणजे ७ नव्हे, ७.००७७. उरलेली ती चिमूटभर बाकी साठत साठत पूर्ण महिना व्हायला साधारण अडीच हजार वर्षं लागतात.

आणि सरासरी ३२.५३५५ महिने असताना जावयाच्या वाणात अनारसे मात्र ३३. अर्धा अनारसा ताटात कोण ठेवणार?